मुलींच्या तालमीत बॉडी कॉम्पोझिशनचा काटा: एका हंगामानंतर

आमच्या कुस्तीच्या तालमीतल्या मुलींसाठी अंगात चरबी किती, स्नायू किती हे सांगणारा आठ इलेक्ट्रोडचा काटा घेतला, त्याला एक अख्खा हंगाम उलटला. चार इलेक्ट्रोड पायाखाली, चार हातात धरायच्या मुठीत. अंगातून अगदी सौम्य वीज जाते. पाणी धरून असलेल्या स्नायूंतून सहज, चरबीतून अडखळत. त्यावरून सूत्राने लीन मास (चरबी सोडून उरलेलं वजन) आणि फॅट (चरबी) काढलं जातं, म्हणजे थेट मोजमाप नव्हेच.

याचा प्रत्यय लगेच येतो. मुलगी लिटरभर पाणी पिऊन तशीच काट्यावर उभी राहिली, तर ते पाणी चरबीत धरलं जातं. सरावाहून तापल्या अंगाने आली तर फॅट उगाच कमी दिसतं. पाळीच्या आधी अंगात पाणी साठलं की आकडे पुन्हा हलतात. म्हणून आमचा नियम ठरलेला: सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, सरावाआधी. पाळीची तारीख वहीत शेजारीच. रोजचा आकडा मी मुलींना सांगत नाही. महिन्यांचा कल बघते.

जोडीला स्किनफोल्ड कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा ठेवलाय. दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी, उजव्या अंगाने, दरवेळी मीच, बंद खोलीत. मिलिमीटरची बेरीज लिहून ठेवते, टक्केवारी काढत बसत नाही. दोन्हींचा कल जुळला तरच विश्वास.

खरा उपयोग झाला तो जेवणासाठी. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमने बाद झाली, तेव्हापासून मुली वजनाचा फारच धसका घेतात आणि भाकरी कमी करतात. ५५ किलोची, २० टक्के फॅट असलेली मुलगी घ्या: लीन मास ४४ किलो. सरावात जळलेलं वजा जाऊन लीन मासच्या किलोमागे रोज ४५ कॅलरी, म्हणजे १९८० उरायला हव्यात. ३० च्या खाली, म्हणजे १३२० च्या आत बरेच दिवस राहिलं तर पाळी चुकणं, हाडं कमजोर होणं हे धोके वाढतात. हे गणित वहीत मांडून दाखवल्यावर एका मुलीची आई म्हणाली, "मॅडम, मग डब्यात दोन भाकऱ्या जास्त देते." त्या मुलीचं वजन पुढे थोडं वाढलं, पण कॅलिपरची बेरीज होती तिथेच राहिली. मला हेच हवं होतं.

घेणार असाल तर मुठीचाच घ्या. नुसत्या पायाच्या काट्यात वीज वरच्या अंगातून फारशी जातच नाही, आणि कुस्तीत खांदे-पाठ सोडून कसं चालेल? जमलं तर हंगामाच्या सुरुवातीला एकदा डेक्सा (चरबी, स्नायू, हाडं मोजणारा एक्स-रे स्कॅन) करून घ्या.