ईजीएफ की एचजीएफ? यकृतपेशींच्या विभाजनासाठी

कोल्हापुरात उंदराच्या यकृतपेशी प्लेटवर वाढवायच्या असतील तर आधी ईजीएफच (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, पेशींना विभाजनाला लावणारं प्रथिन) घ्या. स्वस्त आहे, मिलिलिटरला 10-20 नॅनोग्रॅम पुरतं. एचजीएफ (हिपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, तसंच दुसरं प्रथिन) महाग, बर्फात आलेली कुपी एकदाच वितळवून लहान भागांत गोठवायची, नाहीतर पैसे पाण्यात! दोघांचे रिसेप्टर (पेशीवरचे संदेश घेणारे रेणू) वेगळे, ईजीएफचा ईजीएफआर आणि एचजीएफचा मेट. पुढे मात्र दोघंही रास-ईआरके या पेशीतल्या संदेशमार्गानं सायक्लिन डी1 (विभाजनचक्र पुढे नेणारं प्रथिन) वाढवतात. कोलॅजिनेज या विकरानं ऊतकातून सुटी केलेली पेशी आपसूक जी1 मध्ये (डीएनए-निर्मितीच्या आधीचा टप्पा) शिरते, पण मध्याच्या पुढे अडते. तिथून ढकलायला यांपैकी एक हवाच. डीएनए-निर्मिती साधारण 48-72 तासांत दिसते, म्हणून 24 तासांनीच मोजून 'काही झालं नाही' म्हणू नका. पेशी फार दाट पेरल्या किंवा माध्यमात टीजीएफ-बीटा (विभाजन रोखणारं प्रथिन) असलं, की दोन्हीही फिके. मेटचाच अभ्यास असेल तरच एचजीएफवर खर्च करा.