मीडियाविकी लॅपटॉपवर: अख्खा उन्हाळा वापरल्यानंतर

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते मीडियाविकी आपल्या मशीनवर उभं करायला किती वेळ लागतो, असं बरेच जण विचारतात. नेट धड असेल तर तासाभरात पहिलं पान उघडतं. त्यात काही विशेष राहिलेलं नाही. तेच पान रोज, महिनोन्‌महिने वापरायचं म्हटलं की काय काय निघतं, ते सांगायला हे लिहितोय.

आम्ही काही जण मिळून वऱ्हाडी आणि झाडीबोलीतल्या शब्दांचा विकी करतोय. शब्द गोळा करणारी मंडळी अकोला-भंडाऱ्याकडची, यंत्राची कटकट नागपुरात माझ्याकडे. मशीन साधंच: ८ जीबी रॅम, विंडोज ११, त्यात डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वर उबुंटू हे लिनक्स. सुरुवातीला एक मित्र म्हणाला, "काहून एवढा खटाटोप भाऊ? झॅम्प टाक ना सरळ." झॅम्प म्हणजे वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं तयार पॅकेज, वाईट नाही. पण मीडियाविकीच्या कोडसोबत डॉकरची मांडणी आयतीच येते; डॉकर म्हणजे लागणारं सगळं सॉफ्टवेअर 'कंटेनर' नावाच्या बंद डब्यांत चालवणारं साधन. मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची कुठली आवृत्ती, तिचं कुठलं एक्स्टेन्शन, हा घोळ राहत नाही. ईएनव्ही फाइलमध्ये आपला युझर आयडी आणि ग्रुप आयडी लिहायचा, कंटेनर सुरू करायचे, कंपोजर अपडेट (पीएचपीचे लागणारे सुटे भाग उतरवणं), मग इन्स्टॉलची स्क्रिप्ट. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच मशीनच्या, ८०८० पोर्टवर विकी हजर. ते दोन आयडी टाकायचा कंटाळा करू नका, नाहीतर फाइलींच्या परवानग्यांवरून पुढे रोज डोकं धरावं लागतं. व्हेक्टर हा स्किन (पानाचं रूप ठरवणारा भाग) गिटने वेगळा क्लोन करावा, म्हणजे उतरवून घ्यावा लागतो, तोवर पान अगदी उघडंबोडकं दिसतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी: डॉकरची इमेज थरांमध्ये उतरते, पूर्ण उतरलेला थर मध्येच नेट गेलं तरी वाया जात नाही. गिटचा क्लोन मात्र तुटला की पुन्हा पहिल्यापासून. मीडियाविकीचा इतिहास लांबलचक आहे, म्हणून डेप्थ १ देऊन फक्त ताजा कोड घ्या. आणि मास्टर, म्हणजे रोजच्या घडामोडींची मुख्य शाखा घेऊ नका. मास्टरवर कोड रोज हलतो, आज चालणारं मीडियाविकीचं एक्स्टेन्शन (जादा सोयीचा जोडभाग) उद्या रुसतं. आम्ही १.४३ च्या शाखेवर आहोत. डिसेंबर २०२४ ची ही आवृत्ती दीर्घ आधाराची आहे. स्किन आणि एक्स्टेन्शनही त्याच शाखेची हवीत, हे अनेक मार्गदर्शकांत एका ओळीत उरकलेलं असतं, पण निम्मी डोकेदुखी तिथेच असते.

वेगाचं म्हणाल तर सगळा फरक कोड कुठे ठेवता यावर आहे. सी ड्राइव्हवर ठेवून पाहिला: पान उघडेपर्यंत चहा ओतून होतो. उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये हलवला की तेच पान चटकन येतं. विंडोजच्या फाइलींपर्यंत लिनक्सला वळसा घालून जावं लागतं आणि मीडियाविकी एका पानासाठी शेकडो लहान फाइली वाचतं, एवढंच कारण. रॅमलाही लगाम घालावा लागतो. डब्ल्यूएसएल आपणहून मशीनची निम्मी रॅम घेऊ शकतं. डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये मी ३ जीबीची मर्यादा टाकली, तेव्हा कुठे ब्राउझर आणि डॉकर एका घरात नांदू लागले.

आता ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कूलरसमोर बसूनही लॅपटॉप दुपारी धापा टाकतो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग कोडच्या टेस्ट चालवणं म्हणजे शिक्षा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कंपोजर अपडेटसारखी जड कामं मी सकाळी सातच्या आत उरकत होतो. वीज गेली की राउटर बंद, पण विकी आपल्याच मशीनवर, त्यामुळे काम चालू. माझी बॅटरी थकलेली असल्याने लॅपटॉप मध्येच दगाही देतो. तरी डेटा कधी बिघडला नाही. या मांडणीत डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट येतं, आणि अर्धवट राहिलेली नोंद ते पुढच्या वेळी स्वतःच मागे घेतं. बॅकअपही सोपा: कंटेनर थांबवायचे आणि कॅशमधलं एसक्यूलाइटचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचं. फक्त ते कोडच्या फोल्डरमध्येच असतं, त्यामुळे फालतू फाइली पुसणारी गिट क्लीन ही आज्ञा चालवताना जपून.

पण आमच्यासाठी ही मांडणी खरी कामाला आली ती शब्दांच्या अनुक्रमासाठी. वर्गाच्या (कॅटेगरीच्या) पानावर शब्द मुळात युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या, क्रमाने लागतात. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे, त्यामुळे 'कळस' आधी आणि 'कवठ' नंतर. क्ष क खाली जातो, ज्ञ ज खाली. कोश करणाऱ्याला हे चालणारच नाही. भंडाऱ्याच्या गुरुजींनी पहिल्याच यादीवर लाल रेघ मारली! लोकलसेटिंग्ज या मीडियाविकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वर्गाचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) यूसीए-एमआर, म्हणजे मराठीचं, केलं आणि अपडेटकोलेशन ही देखभालीची स्क्रिप्ट चालवली. ळ ह नंतर गेला, क्ष आणि ज्ञ यांना शेवटी स्वतःची शीर्षकं मिळाली. चालू सर्व्हरवर हे करून बघायची माझी छाती झाली नसती. इथे आधी प्रत काढली आणि मनसोक्त उलटसुलट केलं.

तक्रार एकच, पण मोठी. दोन टॅबमधून भराभर नोंदी टाकल्या आणि मागे जॉबरनर (विकीची उरलेली कामं पडद्याआड उरकणारा) चालू असेल तर कधीकधी 'डेटाबेस लॉक्ड' असा संदेश येतो. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. एकट्याने काम करताना जाणवत नाही, दोघे बसले की जाणवतं. डॉकरच्या ओव्हरराइड फाइलमध्ये मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसचा कंटेनर जोडता येतो, ते आता करतोय.

१६ जीबी रॅम असेल तर ही मांडणी बिनधास्त घ्या. ८ वर चालतं, पण सोबत दुसरं काही जड चालवू नका. कोडला हात न लावता नुसता विकी लिहायचा असेल तर एवढं सगळं नको. आणि हीच मांडणी उचलून सर्व्हरवर ठेवू नका: ॲडमिनचा पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला 'डॉकरपास' आहे, आणि चुकांचा तपशील थेट पानावर छापला जातो.