विमानतळांचे रिकामे रकाने: सपाट अंतर की हॅवरसाइन?
विमानतळांच्या यादीत काही नोंदींना अक्षांश-रेखांश आहेत, पण शहराचा रकाना रिकामा. तो जवळच्या पूर्ण नोंदीवरून भरायचा तर अंतर कसं मोजायचं, असं एका सहकाऱ्याने विचारलं.

सपाट अंतर म्हणजे पृथ्वी सपाट धरून अंशांवर थेट पायथागोरस लावणं. ते सोपं आणि वेगवान. पण विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ किमी, ६० अक्षांशावर त्याच्या निम्मंच. शिवाय १८० रेखांशापाशी, फिजीच्या आसपास, आकडा +१८० वरून −१८० वर उडी घेतो, म्हणून शेजारी विमानतळ जगाच्या दोन टोकांना गेलेले दिसतात. हॅवरसाइन हे अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र पृथ्वी गोल धरतं. चूक फार तर साधारण अर्ध्या टक्क्याची. गणित थोडं वाढतं, पण काही हजार नोंदींना ते जाणवतही नाही.

देशाचा रकाना भरताना मात्र दोन्ही फसतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा विमानतळ फ्रान्सच्या हद्दीत आहे! तिथे सीमांचे नकाशेच हवेत.

विषुववृत्ताजवळच्या छोट्या प्रदेशाला सपाट अंतर चालेल. जगभराच्या यादीला हॅवरसाइनच घ्या.