घरी येऊन एएनए टेस्ट करणारी लॅब: माणसं चांगली, पॅकेज नको

पाचपैकी तीन स्टार. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण हा प्रकार एकाच ठिकाणचा नाही.

ताईचे सांधे सकाळी आखडतात, उन्हात गेली की गालावर लाल चट्टे येतात, म्हणून रुमॅटॉलॉजिस्टनी (सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टरांनी) एएनए लिहून दिली, म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट. चिठ्ठीवर स्पष्ट 'आयएफ (इम्युनोफ्लुरोसन्स) पद्धतीने' असं. ब्लड घ्यायला आलेला मुलगा एकदम तयारीचा, वेळेत आला, पहिल्याच टोचण्यात शीर सापडली (ताईची शीर म्हणजे लपंडाव असतो), ट्यूबवर नाव आमच्यासमोर लिहिलं, उपाशी राहायची गरज नव्हती हेही त्यानेच सांगितलं. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

रिपोर्ट आला तो एलायझाचा, म्हणजे दुसऱ्याच पद्धतीचा. नुसता एक आकडा आणि पुढे पॉझिटिव्ह. आता एलायझा वाईट असं नाही, पण त्यात ठरावीक अँटीजेनच (अँटीबॉडी ज्यांना चिकटतात ते घटक) असतात, आयएफला काचेवर हेप-2 नावाच्या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशी असतात, त्यावर पेशंटचं सिरम (रक्तातला पातळ भाग) टाकून मायक्रोस्कोपखाली हिरवं चमकतंय का ते बघतात, सिरम पातळ करत करत कुठपर्यंत चमकतं तो टायटर, आणि ठिपके ठिपके दिसतात की सगळीकडे सारखं तो पॅटर्न. डॉक्टरांना नेमकं हेच हवं होतं. फोन केला तर कस्टमर केअर म्हणे, "सर दोन्ही सेमच असतं." नसतं हो! मग पॅथॉलॉजिस्टशीच बोलायचं म्हणून अडून बसलो. त्या मॅडमनी चूक लगेच मान्य केली, त्याच सँपलवर आयएफ करून दिली, जादा पैसे नाही घेतले. तीनातला एक स्टार फक्त त्यांचा.

कापलेले दोन स्टार मात्र त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'इम्युनिटी चेकअप' पॅकेजचे, त्यात धडधाकट माणसांसाठी एएनए घातलीये. अरे कशाला?? 1997 च्या एका गाजलेल्या अभ्यासात निरोगी लोकांपैकी 13 टक्के 1:80 ला (म्हणजे सिरम 80 पट पातळ करूनही) पॉझिटिव्ह निघाले होते, 1:160 ला 5 टक्के. ल्युपसच्या (ज्यात इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते त्या आजाराच्या) 2019 च्या निकषांतसुद्धा 1:80 म्हणजे नुसता आत यायचा दरवाजा, पुढे लक्षणं आणि बाकी टेस्टचे मिळून 10 गुण भरावे लागतात. म्हणजे काही त्रास नसताना हौसेने टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली की रात्रभर गुगल करत बसायचं. आणि वर नाव इम्युनिटी! एएनए ज्या आजारांसाठी करतात त्यांत इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटलेली असते. 2025 चं मेडिसिनचं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुचींना मिळालं ते या यंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशींच्या कामासाठी, इम्युनिटी वाढवायच्या काढ्यासाठी नाही.

डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच करा, बुकिंगलाच पद्धत विचारा, टायटर आणि पॅटर्न लिहून येणार का तेही. आणि एकदा पॉझिटिव्ह आली की दर थोड्या दिवसांनी परत करत बसू नका, आजार वाढला की कमी झाला ते एएनएवरून कळत नाही, त्यासाठी डबल स्ट्रँडेड डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी, सी3-सी4 (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) आणि लघवीची तपासणी असते.