एक रुपयाच्या सभासदत्वामागची ऑटोपे परवानगी

जुन्या मराठी कादंबऱ्या ऑनलाइन वाचायला देणाऱ्या एका संकेतस्थळाने 'एका रुपयात आठवडाभर वाचा' अशी जाहिरात केली होती. मी यूपीआयने रुपया भरला आणि त्यानंतर दरमहा खात्यातून ३९९ रुपये कापले जाऊ लागले. ही रक्कम पैसे भरण्याच्या पानाच्या तळाशी फिकट, बारीक अक्षरांत होती आणि सभासदत्व रद्द करण्याची सोय कुठेही ठेवलेली नव्हती.

अशा वेळी यूपीआय पिन टाकताना आपण केवळ एक रुपया देत नसतो, तर पुढच्या वजावटींना कायमची परवानगी देत असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एकदा अशी परवानगी दिली की साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीसाठी पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते हे खरे, परंतु मला आलेल्या संदेशात संकेतस्थळाचे नाव नव्हते, भलत्याच कंपनीचे होते, त्यामुळे तो कशाबद्दल आहे याचा अंदाज येणे शक्य नव्हते. वाचनाचे ॲप मोबाइलमधून काढून टाकल्यानंतरही वजावट चालूच राहिली, कारण परवानगी त्या ॲपपाशी नव्हे, तर बँकेच्या व्यवस्थेत नोंदलेली असते. ती यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे' या विभागात जाऊन स्वतः रद्द करावी लागते.

संताप मात्र आणखी एका गोष्टीचा आला. तेथील बहुतेक पुस्तके स्वामित्वहक्काची मुदत संपलेली होती. भारतात ती लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे असते, आणि १९१९ मध्ये निधन झालेल्या हरि नारायण आपटे यांच्यासारख्यांचे लेखन केव्हाच सर्वांसाठी खुले झाले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि मराठी विश्वकोशही ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात. खुले साहित्य नीट टंकलिखित करून कोणी रास्त किंमत मागितली तर माझी तक्रार नाही. येथे मात्र धूसर स्कॅन केलेली पाने होती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सभासदत्व रद्द करणे अशक्य किंवा किचकट करून ठेवणे हा निषिद्ध प्रकार आहे. त्या आधारे मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सोबत पैसे भरण्याच्या पानाचे छायाचित्र व बँकेचा खातेउतारा जोडला. शेवटच्या वजावटीची रक्कम परत मिळाली. आधीच्या रकमांबाबत संकेतस्थळाने अद्याप उत्तर दिलेले नाही.