कोथरूडचं मेमरी क्लिनिक: डॉक्टरांना पाच तारे, बाकी सगळ्याला मिळून दोन

नाव मुद्दाम देत नाही. वेळ साडेदहाची होती, नंबर लागला पावणेएकला. लिफ्ट बंद, ८२ वर्षांच्या अण्णांना दोन जिने चढवून नेलं. पार्किंगचं विचारूच नका.

आत मात्र डॉक्टर मॅडमनी अजिबात घाई केली नाही. अण्णांना कागदावर घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं. अंक सगळे जागच्या जागी; काटे मात्र एक दहावर, एक अकरावर. खडकीच्या कारखान्यात असताना रोज सकाळी एचएमटीला चावी देणारा माणूस! मी खिडकीबाहेर बघत बसले.

बी-१२, थायरॉइड, एमआरआय लिहून दिलं. कानही तपासून घ्या म्हणाल्या, कमी ऐकू येणं हेसुद्धा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं.

व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं म्हणून मी विचारलं, ‘‘मेंदूला सूज असते ना? ती उतरवली तर?’’ त्या हसल्या नाहीत. ही सूज पाय सुजतो तशी नव्हे, म्हणाल्या. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा साका दिसला की त्या त्याला वेढतात, गिळतात. पण वर्षानुवर्षं चिथावलेल्या राहिल्या की त्यांच्यातून सुटणारी रसायनंच चेतापेशींना बाधतात.

‘‘मग दाबूनच टाका की त्यांना.’’

तसं नाही म्हणे. या पेशींना कामाला लावणाऱ्या ‘ट्रेम-२’ जनुकात बिघाड असेल तर अल्झायमरचा धोका उलट वाढतो, हे २०१३ मध्येच छापून आलंय. नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्याही घराण्यात अल्झायमर असलेल्या, पण स्वतःला तो न झालेल्या वृद्धांना देऊन पाहिल्या. रोग टळला नाही. फीचे पैसे इथेच वसूल झाले.

उतरलो तर खालच्या मेडिकलमध्ये ‘मेंदूची सूज घालवा’ अशी पाटी आणि हळदीच्या कॅप्सूल, ६० ची डबी १,८५० रुपये. पोरगा म्हणाला, ‘‘मॅडमच देतात.’’ चिठ्ठी पुढे केली, तिच्यात कुठेच नाहीत. ‘‘मग ऑप्शनल आहेत.’’

अण्णांनी डबी उलटीपालटी करून पाहिली. ‘‘हळद आहे ना गं घरात?’’

दुसऱ्यांदा जाणार आहोतच. सकाळचा पहिला नंबर मागा, आणि निघण्याआधी फोन करून लिफ्टचं विचारा.