खांद्यावरचे दोन तारे आणि माझे ४७,९८९ रुपये

आधी आकडाच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची संपेल. ४७,९८९ रुपये. बारा मिनिटांत, माझ्याच हातानं, माझाच पिन टाकून. ऑनलाइन काही विकायला काढलं की 'फौजी' म्हणून फोन करायचा, पैसे देतो म्हणत क्यूआर कोड पाठवायचा आणि उलट लुटायचं, हे 'फौजी' कसे बोलतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या पोरानं जुना कूलर विकताना असेच सहा हजार घालवले, तेव्हा "इतकंही समजत नाही का बे तुले?" असं मीच त्याला ऐकवलं होतं. हल्ली तो जिन्यात भेटला की काही बोलत नाही. नुसता हसतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. आयुष्यभर मिलिमीटरचा हिशेब केला. निवृत्तीनंतर नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरात बाल्कनीला काच लावून घेतली आणि तिथं टेबल टाकून सेंच्युरियन रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल करायला बसलो, १/३५ प्रमाणात. कुठलाही सेंच्युरियन नाही, 'फामागुस्ता' नावाचा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटल्यावरही जो सोडला नाही, तो. २१ वर्षांचं पोरगं. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं.

किट ४,८५० रुपयांचं, धातूचे पट्टे ३,९०० चे, पितळी बारीक पत्र्यांचा संच १,७५० चा. रंगांचा हिशेब इथं देत नाही, घरचे वाचतील. एकोणीस महिने लागले. एकेका बाजूच्या पट्ट्याला शंभरावर कड्या, प्रत्येकीच्या भोकातून तार ओवायची. २०२४ च्या मे महिन्यात तर एअरब्रशच्या तोंडातच रंग वाळायचा, म्हणून कूलर लावला. त्या दमट हवेत वार्निश पांढरं पडलं आणि अख्खा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, खरवडून पुन्हा रंगवावा लागला. चिखलासाठी आपली काळी माती चालत नाही, बसंतरकडचा रंग वेगळा. मग कन्हान नदीची रेती ओढणीतून तीनदा चाळून प्लास्टरमध्ये कालवली. अहमदनगरचं रणगाडा संग्रहालयही पाहून आलो, खरा सेंच्युरियन डोळ्यांसमोर असावा म्हणून. हे सगळं सांगतोय कारण मी निष्काळजी माणूस नाही. पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

विकायचा होता असंही नाही. पण घरात ठेवायला जागा नाही, मुलगा पुण्यात, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी किंमत विचारावी असं वाटत होतं. जुन्या वस्तूंच्या ॲपवर फोटो टाकले. किंमत ३८,०००.

दहा दिवस कुणी फिरकलं नाही. मग ८ मे २०२५, गुरुवार. तारीख आठवून बघा. आदल्याच दिवशी ऑपरेशन सिंदूर झालं होतं, घराघरात टीव्ही चालू. अशात फोन येतो, "जय हिंद सर, कॅप्टन बोल रहा हूँ, कामठी से." आपल्या कामठीला लष्कराच्या 'गार्ड्स'चं रेजिमेंटल सेंटर आहे, नागपूरच्या माणसाला यात खोटं काय वाटणार? म्हणाला, मेसमधल्या काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. "खेत्रपाल साहब का टँक है ना सर? आपने तो इतिहास बनाया है." एका पैशाची घासाघीस केली नाही. जाहिरातीत मीच लिहिलेलं मलाच वाचून दाखवत होता, आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहून बोलत होतो. उभा राहून! (घासाघीस न करणारं गिऱ्हाईक नागपुरात असतं का? तिथंच फोन ठेवायचा.)

मग त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला. मी मागितला नव्हता. न मागता कुणी ओळखपत्र पाठवलं की समजून जा.

आता जे लिहितो त्यानं अजून रात्री झोप उडते. रणगाड्याच्या झाकणात मी पाच सेंटिमीटरचा अधिकारी उभा केला आहे. सेकंड लेफ्टनंट म्हणजे खांद्यावर एकच तारा. तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका काढायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ब्रशचे केस कापून दोनच ठेवले होते, श्वास रोखून टोक टेकवायचं, जरा फराटा झाला की पुसून पुन्हा. एक तारा सेकंड लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन. हे मला झोपेतही विचारा. त्या ओळखपत्रावर 'कॅप्टन' लिहिलं होतं आणि फोटोतल्या खांद्यावर तारे होते दोन. मला ते दिसलं. दिसलं नाही असं नाही, मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. आणि मनात म्हणालो, फोटो जुना असेल, नंतर बढती झाली असेल. चोराची बाजू मीच मांडली! बायकोनं विचारलंही, "अहो, नक्की फौजीच आहे ना?" तर तिच्यावरच खेकसलो.

शुक्रवारी दुपारी रणगाडा खोक्यात भरला. "सर, गाडी शाम को आएगी." फोम कापून बसवताना अँटेना मोडली, डाव्या बाजूची एक पत्रापट्टी निघाली. तरी भरला.

संध्याकाळी सात वाजता 'अकाउंट सेक्शन'चा फोन. आधी दहा रुपयांचा कोड, तो स्कॅन केला, लगेच वीस रुपये परत आले. बघा, सिस्टीम चालते. मग १९,००० चा कोड, निम्मी रक्कम म्हणून. पिन टाकला, पैसे गेले. "सर, उलटा हो गया, दुबारा स्कॅन कीजिए, दोनों साथ में रिव्हर्स होंगे." पुन्हा १९,०००. मग "अकाउंट ब्लॉक दिखा रहा है," म्हणून ९,९९९. मागून वॉकीटॉकीसारखी खरखर, कुणीतरी "जल्दी करो, मूव्हमेंट है" म्हणत होतं. त्या दिवसांत सैन्याची मूव्हमेंट म्हटल्यावर कोण प्रश्न विचारणार होतं, सांगा. दहा देऊन वीस घेतलेले वजा जाता ४७,९८९. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. हे वाक्य मुलगा फोनवर तीनदा बोलला, तिसऱ्यांदा मी फोन कापला.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर पाठ करून ठेवा, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही. मला तो आठवायला पावणेदोन तास लागले. फोन लागला रात्री पावणेदहाला, तक्रार घेतली, क्रमांक दिला. लगेच केला असता तर काही अडवता आलं असतं, हे तिकडच्या मुलीनं चांगल्या शब्दांत सांगितलं. एवढीच एक बाई नीट बोलली.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशन. तिथं म्हणे हे सायबरकडे. सायबरवाले म्हणे, रक्कम लहान आहे, तुमच्या स्टेशनलाच द्या. लहान? माझी दीड महिन्याची पेन्शन आहे ती! हद्दीचा वाद घालता येत नाही, नव्या कायद्याप्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, असं मी म्हणालो तर, "काका, कायदा आम्हाले शिकवता का?" अर्ज घेणाऱ्यानं विषय वाचला, 'रणगाडा विक्रीबाबत', आणि शेजारच्याला हाक मारली, "ये बे, इकडे टँक विकून रायले." चार माणसं हसली. मी 'प्लास्टिकचा' हा शब्द वर लिहून सही केली. आता मला सांगा, कोणाची बेअब्रू झाली, चोराची?

आणि बँक! १० तारखेला दुसरा शनिवार, ११ ला रविवार, १२ ला बुद्धपौर्णिमा. चोरांना कॅलेंडर आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांनी शुक्रवारची संध्याकाळच धरली होती. मंगळवारी शाखा उघडली तर साहेब जेवायला. मग रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक काढून मलाच वाचून दाखवलं: ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. मी म्हटलं, कळवलं की हो शुक्रवारीच. "१९३० ला कळवलं, आम्हाला नाही." त्यांच्या ग्राहक सेवेच्या फोनवर मी चाळीस मिनिटं गाणं ऐकत होतो, त्याची नोंद मात्र कुठंच नाही. तेव्हा १९३० झालं की बँकेलाही लेखी कळवा, ईमेल करा, स्क्रीनशॉट ठेवा. चॅट रागानं डिलीट करू नका. मी अर्धं डिलीट केलं होतं.

महिनाभरानं एका 'सायबर वकिला'चा फोन आला, २,५०० रुपये भरा, पूर्ण रक्कम परत आणतो. माझा तक्रार क्रमांक त्याला कुठून मिळाला हे कुणी सांगत नाही. फोन बायकोनं घेतला आणि ठेवूनही दिला, मला रात्री सांगितलं.

आत्तापर्यंत परराज्यातल्या कुठल्याशा खात्यात माझे २,१४० रुपये गोठवून ठेवलेत म्हणतात. ते काढायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला तेव्हा सांगितलं. खोकं अजून दिवाणाखाली आहे, अँटेना चिकटवलेली नाही. मंगळवारी पुन्हा बोलावलंय, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन.